यादीत आहे म्हणजे चित्रात आहे

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
पंखा फिरतो एका बाजूला,
आमचा बाक दुसऱ्या.
माझं टोकन चौतीस, आत चालू अकरा.
पिशवीत पाण्याची बाटली, दोन उंडे,
आणि फोनमध्ये
भाच्याने घालून दिलेला खेळ.

खेळ म्हणजे काय, एक अडगळीची खोली.
खाली नावं लिहिलेली:
पीस, किल्ली, वाळूचं घड्याळ,
घुबड, तीन पेरू, तुटकी कात्री.
दिसलं की बोट ठेवायचं.
वस्तू टिंग करून उडते,
नावावर रेघ पडते.
कोणी मरत नाही.
कोणी पाठीस लागत नाही.
घड्याळ लावून खेळता येतं म्हणे, मी लावत नाही.
सुपात तांदूळ घेऊन खडे वेचलेल्या बाईला
ह्यात शिकवण्यासारखं काही नाही.

नवरा म्हणाला, कोणीतरी मुद्दाम लपवलेलं
तू कशाला शोधतेस?
मी म्हटलं, मुद्दाम लपवलंय,
म्हणूनच तर तिथे आहे.

यादीत आहे म्हणजे चित्रात आहे.
घुबड कपाटाच्या लाकडाच्या रेषांत होतं,
दोन दिवस माझ्याकडे बघत होतं.
पण होतं.

सासऱ्यांनी मुंडकारीचा अर्ज केला
सत्त्याण्णव साली.
पावती आमच्या ट्रंकेत आहे, आकडा पाठ आहे.
तो कागद आमच्या यादीत आहे.
ह्यांच्या चित्रात नाही.

दोन नंबरच्या टेबलावर उल्हास माजीक,
पुढ्यात उभं धरलेलं रजिस्टर.
रजिस्टराच्या आडून आवाज आला.
टिंग.
मी मान वर केली.
तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

टोकन सोडून उठले, जवळ गेले.
"काय राहिलंय?"
तो दचकला. मग खालच्या आवाजात म्हणाला,
"छत्री. तीन दिवस."
"पडद्याच्या घड्या बघा. मिटलेली आहे.
दांडा वर, खांबासारखा."
टिंग.

त्याने पहिल्यांदा माझी पावती हातात घेऊन वाचली.
ड्रॉवरातून किल्ली काढली.
"या आत. तुमची नजर बरी आहे."

आत लाल फडक्यांतले गठ्ठे छपरापर्यंत,
काहींची फडकी विटून गुलाबी,
मतपेटी, तीन पायांची खुर्ची,
कोणाचं तरी हेल्मेट, त्यात पालीची अंडी.
सवयीने मी सुरू केलं:
किल्ली, खिळ्यावर.
पीस, पारव्याचं, खिडकीच्या गजात.
कात्री, आणि तीही तुटकीच.
बोट ठेवलं की फक्त धूळ लागायची.
खेळात अडलं तर कोपऱ्यातला कंदील दाबावा,
वस्तूभोवती उजेड पडतो.
इथे ट्यूबलाइटचा स्टार्टर गेलेला.

नव्वद ते पंच्याण्णव सापडलं.
अठ्ठ्याण्णव सापडलं.
मधली दोन वर्षं कुठे,
हे विचारायला उल्हास शिडीवर चढला
आणि तिथेच थांबला.

रॅकच्या मागून त्याने ओढून काढली
एक काळी छत्री.
मुठीवर पांढऱ्या रंगाने: रा. मळीक.
"आमचे हेडक्लार्क. नऊ साली रिटायर झाले.
पावसाळाभर एकेकाला विचारत होते.
आम्ही सगळे हसायचो."
त्याने ती शर्टाच्या बाहीने पुसली,
उघडून बघितली, दोन काड्या मोडलेल्या.
"आता कुडण्यात असतात.
रविवारी नेऊन देतो."
कोणाच्याच यादीत नव्हती ती.

सव्वा वाजला. जेवणाची सुट्टी.
"मंगळवारी या, बाई. खालचा रॅक राहिलाय."
टोकन चौतीस त्याने स्वतःच फाडलं.

नार्व्याच्या बसमध्ये खिडकी मिळाली.
एक उंडा कोरडाच खाल्ला, खेळ उघडला.
नवीन चित्र: जहाजातली केबिन, बारा वस्तू.
पहिलंच नाव, कागदाची गुंडाळी.
लगेच दिसली, दिव्याशेजारी, उघड्यावर.
बोट ठेवायच्या आधी
मी थोडी थांबले.